मी खोडायला लावलेला H

परवा केशोरीकडच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. गेलो होतो बातमी करायला, पण बोलावलेला पाहुणा फिरकला नाही, म्हणून वार्ताहरालाच पाहुणा केलं... शाल, नारळ, सगळं.

माझं शिक्षण संस्कृतचं. तरी सकाळी भाचीचं पुस्तक चाळून एक नियम पाठ केला होता, आम्लाच्या सूत्रात H आधी. HCl, HNO₃, H₂SO₄... ग्रंथाच्या आरंभी मंगलाचरण असावं तसं. नियम मला फारच आवडला.

नववीतल्या रोशनीनं आम्लांचा तक्ता मांडला होता. पोटातलं हायड्रोक्लोरिक, बॅटरीतलं सल्फ्युरिक, आणि शेवटी बाटलीसकट व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल, CH₃COOH.

"अगं, मंगलाचरण शेवटी?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. लोक हसले, मीही हसलो. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तक्त्याकडे... आणि मुकाट्यानं व्हाइटनर लावून H पुढे आणला.

तासाभरानं परीक्षक आले. ज्याचा पहिला नंबर येईल तोच तालुक्याच्या प्रदर्शनाला जाणार होता. "हे सूत्र कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. रोशनी खाली मान घालून उभी. मी चार पावलांवर, हातात चहा... तो पीत राहिलो.

तिचा दुसरा नंबर आला.

मग कुठे मला कंठ फुटला. परीक्षकांना गाठून खरं सांगितलं. "आता काय करता जी, यादीवर सह्या झाल्या," ते म्हणाले. आम्लपणा देणारा H या सूत्रात शेवटच्या गटात असतो, म्हणून तो शेवटी लिहितात, हेही त्यांनी समजावलं. शिकलो... पण भलत्याच्या खर्चानं.

रोशनीला विचारलं, "तुला ठाऊक होतं, मग बोलली का नाहीस?"

"तुमी पाहुने होते ना जी."

शेजारची मैत्रीण फणकारली, "मी म्हनतच होती इले, कायले खोडून राहिली!"

मी रोशनीची माफी मागितली. ती हसली आणि तिनं बाटली पिशवीत ठेवली.

संध्याकाळी बातमी लिहिताना सवयीनं वाक्य उतरलं, 'मान्यवरांनी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले.' ते तेवढं खोडलं.

चूक सगळ्यांसमोर केली होती, माफी मात्र कोपऱ्यात मागितली. म्हणून आज इथे, चारचौघांत... रोशनी, तुझा H जिथे होता तिथेच बरोबर होता.