कुपवाडच्या शेडमधला रविवार

प्रबंध परत आला तेव्हा माझं डोकं असं फिरलं की तो गठ्ठा मी टेबलावर आपटलाच. हळदीवरच्या बुरशीपायी मी सांगलीत वर्षानुवर्षं जीव काढला होता, आणि माझे गाइड सर म्हणतात काय, "हे असं चालायचं नाही. सोमवारी नीट छापून आणा, नाहीतर पीएचडीची नोंदणी रद्द होईल."

तसं त्यांचं चुकलं नव्हतं. टायपिस्टनं ऐनवेळी हात वर केले, म्हणून मी सगळा मजकूर धाकट्या दिरांच्या कुपवाडच्या वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरवर टाइप केला होता. सत्तरचं दशक सरत आलं होतं. कॉम्प्युटर म्हणजे काय हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. भावजींनी तो अमेरिकेहून परतलेल्या मित्राकडून जुनाच घेतलेला. मेलं ते मशीन ओळ संपली की शब्द मधेच तोडायचं. ना समास, ना पानाला नंबर! मजकूर पानावर नीट बसवायला वेगळा प्रोग्राम लागतो, आणि असल्या मशीनचा आपल्याकडे मिळत नाही म्हणे. भावजींनी ओळखीच्या सगळ्यांना ट्रंककॉल लावले. शेवटी पत्ता लागला पाचगणीत, एका शाळेतल्या गोऱ्या गणित-मास्तरांकडे; त्यांच्याकडे तसलंच मशीन होतं. शनिवारी पहिल्या एसटीनं मी निघाले. त्या भल्या माणसानं प्रोग्रामची कॅसेट लगेच उतरवून दिली. परतीच्या वाटेवर मी ती पदराखालून बाहेर काढली नाही.

रविवारी भावजींनी मशीनला टेपरेकॉर्डर जोडून कॅसेट लावली; त्यातूनच प्रोग्राम मशीनमध्ये चढायचा. टेपरेकॉर्डर किरकिरत राहिला आणि निम्म्यात पडदा कोरा. पुन्हा लावली, पुन्हा कोरा.

"कॅसेट खराब आहे का हो, भावजी?"

"कॅसेट नाही, वहिनी. दिवा बघा."

बल्ब मिणमिणत होता. शेजारच्या शेडमध्ये, नाहीतर त्या रांगेत कुठंही, वेल्डिंग सुरू झालं की व्होल्टेज पडायचं आणि मशीन सगळं विसरायचं.

"मग सांगा की त्यांना थांबायला!"

"उसाचा हंगाम तोंडावर आलाय. कुठल्या तोंडानं सांगू?"

मीच तरातरा शेजारी गेले. शेडवाले स्वतः उसाची ट्रॉली जोडत होते आणि ती न्यायला आलेले कुंडलचे एक शेतकरी शेजारी पेटीवर बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. शेडवाले म्हणाले, "दिवसभर बंद? आवं वैनी, गिऱ्हाईक दारात बसलंय न्हवं."

मी मान खाली घालून वळले, तोच मागून ते शेतकरी म्हणाले, "थांबीव रं. बाईचं शिक्षान हाय. माझी ट्रॉली उद्या न्हेतो, हाय काय त्यात!"

शेडवाल्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुढच्या शेडकडं बघून हाळी दिली, "ए गड्या, बंद करा रं! वैनींचं छापून हुंद्या!"

एकेक शेड गप्प होत गेली. प्रोग्राम चढला. पहिलं पान बाहेर आलं: दोन्ही कडा सरळ, खाली नंबर. संध्याकाळपर्यंत पानं येत राहिली. बल्ब जरा हलला की मी दारातून बाहेर बघायचे, पण त्या अख्ख्या रांगेत कुणी ठिणगी पाडली नाही.

लग्न झाल्यापासून मी रोज अभ्यासाला बसत होते. आमच्या घरात माझ्यासाठी कुणी कधी रेडिओचा आवाजसुद्धा कमी केला नव्हता.

शेवटचं पान हातात आलं आणि मी ढसाढसा रडायला लागले. भावजी धावत आले. त्यांना वाटलं, मशीन बिघडलं.