आईने खाली ठेवलेली ताटली
चर्चसाठी काळ्या मनुका उकळायला ठेवल्या की मला चौक गावातली आमची खोली आठवते. साठ-बासष्ट साल असेल. आई नर्स होती. गावात चर्च नव्हतं, म्हणून महिन्यातून एकदा पाळक येऊन आमच्याच घरी प्रभुभोजन देत. येशूच्या आठवणीत पावाचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट; द्राक्षारसाच्या जागी मनुकांचा रस. मनात अढी ठेवून पाव घ्यायचा नाही, ही आमच्यातली रीत. त्या रविवारी पावाची ताटली आईपुढे आली आणि तिने ती खाली ठेवली. आदल्या दिवशी शेजारणीच्या कोंबड्या आमच्या वाळवणात शिरल्या, तेव्हा आईने तिला नको ते ऐकवलं होतं. "आलेच," म्हणून आई उठली. पाळक पेला धरून थांबले. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. "काल मी फार बोलले गं. चुकलं माझं." शेजारणीचं सूप थांबलं. "परार्थना संपली काय तुमची?" "नाही, सगळे थांबलेत." "अवो बाई, माज्यापायी पाव्हन्यांना ताटकळत ठेवलंत? जावा आदी! कोंबड्याच माज्या वंगाळ हायत." आई परत आली आणि तिने पाव घेतला. आता मनुका उकळल्यात. भिंतीपलीकडे राहणाऱ्या जावेशी मी चार वर्षं बोललेले नाही, आणि ताटली एकदाही खाली ठेवलेली नाही.