धागा तुटेपर्यंत बसा

आमच्या सातपूरच्या बिऱ्हाडाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका नायलॉनवर जीव टाकणारा माणूस साऱ्या नाशकात झाला नसेल. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. धाग्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, तरी भर मे महिन्यात ते नायलॉनचाच शर्ट घालून घाम गाळत हिंडत. कोणाचा सुती सदरा दिसला की म्हणत, "कापूस काय, शेतात उगवतो. त्यात माणसाची मर्दुमकी कुठाय?" आमच्या सत्यनारायणाला त्यांनी गुरुजींपुढे नायलॉनचं जानवं ठेवलं. गुरुजी पळीपंचपात्र आवरायला लागले, तेव्हा कुठे ते परत खिशात गेलं.

पण खरी मजा त्यांच्याकडे चहाला गेल्यावर. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे जिन्यात सापडेल तो पाहुणा. काचेच्या पेल्यात आधी एक रसायन ओतायचं, त्यावर चमच्याच्या आधाराने अलगद दुसरं. वासाने डोळे चुरचुरत. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. टेकतात तिथे दुधावर धरावी तशी साय धरते. ती चिमट्याने उचलली की खाली लगेच नवी साय, आणि वर येत राहतो तो नायलॉनचा ओला धागा. "कारखान्यात वितळवून बारीक भोकांतून ओढतात, पण जन्म बघायचा तर असा," काका सांगत. "माझं नि तुझ्या काकूचं हेच. मिसळलो कधीच नाही. टेकलो तेवढ्यात संसार झाला."

धागा ते काठीवर गुंडाळत, आणि नियम असा की तो तुटेपर्यंत पाहुण्याने उठायचं नाही. मग काय, गोगलगायीने हात टेकावेत अशा बेताने ओढत! शेजारी त्यांची चाहूल लागली की दारं लावून घेत. कोणीतरी समोर बसावं, एवढीच त्या माणसाची भूक होती. आम्ही नवराबायको तेवढे बसायचो.

मग माझी लासलगावला बदली झाली. सामान भरून ट्रक खाली उभा, आणि काकांनी चहाला वर बोलावलं. पेला तयारच होता. धागा निघाला तो निघतच राहिला. खालून ड्रायव्हर ओरडला, "ओ साहेब, चला ना! लय उशीर झाला!" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हिने तर आणखी अर्धा कप चहा मागितला. काकांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि हाताला एकदम हिसका दिला.

"तुटला," ते म्हणाले. "जा आता. नोकरी महत्त्वाची."

त्यांच्या हातून धागा असा तुटलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं. ट्रकने नाशकातला द्वारका चौक मागे टाकला, तरी आम्ही दोघं खिडकीतून मागेच बघत होतो.