अकराव्या घराची भिंत

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरात होतो. ‘कुठल्या घरात?’ असं अण्णानं लगेच विचारलं असतं. सकाळचे अकरा वाजले असतील. बेळगावच्या माझ्या घराच्या व्हरांड्यात उभा राहून मी माळ्याशी उगाच हुज्जत घालत होतो, तेवढ्यात निपाणीहून पुतण्याचा, अजितचा फोन आला. “काका, अण्णा गेलं...” आंघोळ करून, आमच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, जाऊन अण्णा घरी परतला, वहिनीकडे पाणी मागितलं, आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन खाली घेतला. समोर वेताची खुर्ची होती. गेली नऊ वर्षं माझा सख्खा थोरला भाऊ माझ्याकडे आला की याच खुर्चीत बसायचा, चहा घ्यायचा, आणि इथूनच परत निपाणीच्या बसला जायचा. आमचं भांडण नव्हतं, अबोला तर मुळीच नव्हता. पण नऊ वर्षांत त्यानं माझ्या घराचा उंबरा ओलांडला नाही. त्यानं आत यावं यासाठी काय करायला हवं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मी ते केलं नाही.

मी श्रीमंत माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर वाचणाऱ्याला कळण्यापेक्षा ते बरं. आमच्या वडिलांची, आप्पांची, निपाणीत तंबाखूची वखार होती आणि जोडीला विड्यांचा छोटा कारखाना. आम्हा दोघा भावांचं लहानपण त्या तिखट वासात, शिंका देत गेलं. अण्णा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. विशीत आप्पांनी त्याला कारखान्यात बसवलं. बाया घरून विड्या वळून आणायच्या, तपासणारा त्यातल्या मूठभर नापास करायचा. नापास विड्यांची मजुरी नाही, पण विड्या मात्र आमच्याच पेटीत पडायच्या. पहिल्याच दिवशी अण्णानं त्यांच्यातल्या शेवंताबाईच्या नापास विड्या उचलून तिच्या पदरात टाकल्या. “वाईट हायत म्हणतासा, तर मग आपल्याला कशाला पाहिजेत?” असं त्यानं सगळ्यांदेखत आप्पांना विचारलं. आप्पांनी संध्याकाळी त्याची रवानगी वखारीत केली. तिथं निदान तंबाखूची पोती उलट प्रश्न विचारायला शिकवत नाहीत, असं आप्पा म्हणायचे.

आमची आई सदलग्याची. घरात मराठी-कानडीची सरमिसळ होती, पण अण्णा एक शब्द कायम कानडीतलाच वापरायचा. जेवताना पुरे झालं की ताटावर आडवा हात धरायचा आणि म्हणायचा, “साकु.” पुढे कुणी कितीही आग्रह करो, तो हात हलायचा नाही. लग्नकार्यात वाढपी त्याला टाळून पुढे जायचे. मला मात्र साकु म्हणायला कधी जमलं नाही. वाढप्याला दिसेल असं ताट पुढे सरकवायची माझी सवय आईला लहानपणीच कळली होती.

पस्तीस वर्षांपूर्वी चातुर्मासात एक मुनिमहाराज गावात मुक्कामाला होते. चातुर्मासात लोक त्यांच्यासमोर नेम घेतात. कुणी बटाटा सोडतो, कुणी सूर्यास्तानंतरचं पाणी. त्यातलंच एक व्रत परिग्रहपरिमाण. आपल्याजवळ जास्तीत जास्त किती असावं हे ज्यानं त्यानं ठरवायचं, चारचौघांत बोलायचं, आणि त्याच्यावर जे येईल ते ठेवून घ्यायचं नाही. ऐकायला कठीण वाटतं, पण आमची माणसं व्यापारी. एक घर असलेला पाच घरं सांगतो, दहा तोळे असलेला शंभर तोळे. व्रताचं पुण्य पदरात, आणि व्रताची झळ सात पिढ्यांना नाही! त्या दिवशी आधी मी उभा राहिलो. आम्हा भावांत मिळून तेव्हा एक घर, चौदा एकर रान आणि वखार होती. मी ठणकावून सांगितलं, “दहा घरं, शंभर एकर, पाचशे तोळे सोनं.” लोक हसले, मीही हसलो. मग अण्णा उठला. “एक घर. सात एकर रान. मंडळींच्या अंगावर हाय तेवढं सोनं. कापडाचं सहा जोड. वर्साच्या खर्चाला लागंल तेवढी रक्कम.” म्हणजे जे त्याच्याजवळ होतं तेच, त्याच्या वर काही नाही. लोक वळून त्याच्याकडे बघू लागले. घरी येताना मी त्याला म्हणालो, “अण्णा, जरा तरी मोकळी जागा ठेवायचीस.” तो म्हणाला, “मोकळी जागा ठेवली की भरावी वाटतीय रं. तू बघ.”

मी बघितलं. आप्पांच्या मागे अण्णा निपाणीतच राहिला, राहतं घर आणि सात एकर घेऊन. मी वखार मोडून बेळगावला आलो आणि प्लॉटच्या धंद्यात पडलो. गाव वाढत होतं, रानं बिनशेती होत होती, आणि माझा हात जिथं लागेल तिथं रस्ता यायचा. अण्णानं कधी नाव ठेवलं नाही. उलट माझ्या प्रत्येक वास्तुशांतीला तो आला, आत बसून जेवला. दिवाळीला मी त्याला सदरा द्यायचो. तो घेतला की लगेच कपाटापुढे उभा राहायचा, कारण नवा ठेवायचा तर सहातला एक सोडायला हवा. “तू देतोस नव्या सदऱ्याचं सुख, पर जुन्याचा वियोगबी तूच घडवतोस,” असं म्हणून हसायचा. ज्याला जुना सदरा मिळायचा, त्याच्या अंगावर तो महिन्याभरात निपाणीच्या बाजारात दिसायचा.

आणि एक दिवस माझी दहा घरं झाली. चेष्टेत सांगितलेला आकडा खरोखर भरला. तेवढ्यात माझ्या या घराला लागूनचं घर विकायला निघालं. जागा मोक्याची, सोडवेना. नेम मोडायची भीती पाप-पुण्यापेक्षा लोक काय म्हणतील याची जास्त होती. मग मला युक्ती सुचली. आमच्यात ती जुनीच आहे, मी काही पहिला नव्हे. मी शेजारचं घर घेतलं आणि दोन्ही घरांमधली भिंत पाडली. मोठा थोरला हॉल झाला. दोन घरांचं एक घर! नेम शाबूत. मी मोठ्या हौसेनं अण्णाला बोलावलं. तो हॉलच्या तोंडाशी आला, वर बघितलं, खाली फरशीवर भिंतीचा पुसट पट्टा राहिला होता तो बघितला, मग दोन्ही बाजूंच्या दारांकडे बघितलं. “भित पाडलीस व्हय? पर दारं दोन हायत की रं,” एवढंच म्हणाला आणि मागं फिरून व्हरांड्यात जाऊन बसला. “आत चल की,” मी म्हटलं. “हितंच बरं वाटतंय. वारं हाय.” त्यानंतर नऊ वर्षं वारंच होतं. पावसात होतं, थंडीत होतं, उन्हाळ्यात झाडाचं पान हलत नसतानाही होतं.

खरं कारण त्यानं एकदाच सांगितलं. माझी बायको सुशीला एकदा रडकुंडीला आली. “भावजी, आमचं काय चुकलं असंल तर बोला, पर असं परक्यागत भायेर बसू नगा.” अण्णा खाली बघत म्हणाला, “तुझं काय बी चुकलं न्हाय गं. त्या हॉलात बसलो की मी म्हटल्यासारखं हुतंय, हे एकच घर हाय. माझ्यानं तसं म्हणवत न्हाय.” त्यानंतर ती खुर्चीवर मऊ उशी ठेवू लागली.

व्हरांड्यातल्या त्या खुर्चीवर बसून आम्ही किती वाद घातले! एकदा खिडकीतून आतला टीव्ही दिसत होता. कुणा एकाच माणसाच्या संपत्तीचा आकडा सांगत होते. किती शून्यं ते माझ्यासारख्या प्लॉटवाल्यालाही पटकन मोजता येईना. मी म्हटलं, “असल्या माणसांवर सरकारनं मर्यादा घातली तर उद्योग कोण काढणार? माझ्याच जिवावर दीडशे घरं जेवतात.” अण्णा म्हणाला, “दीडशे घरं राबत्यात म्हणून तू जेवतोस, आसंबी म्हणता येतंय.” मग म्हणाला, “आणि मर्यादा काय नवी हाय? जमिनीला घातली हुतीच की. तवा आपल्या आप्पांनीच चार एकर आजीच्या नावावर दावली. आजी जाऊन तीन वर्सं झालती.” आम्ही दोघंही हसलो. “म्हणजे कायदा नको, ज्यानं त्यानं मनानं करावं, असंच ना?” मी त्याला पकडायला बघितलं. “कायदा पाहिजेच. मनानं कोण करतंय? तू केलंस?” तोच पुढे म्हणाला, “बाळू, मर्यादा सगळ्यास्नी असतीय. शेवंताला हाय, तिच्या लेकीला हाय. कितवीपर्यंत शिकायचं, कुठल्या दवाखान्यात जायचं, पोळ्या किती करायच्या... त्यास्नी कुणी इचारून घातली व्हय? आपल्याला नुसतं इचारलं तरी आपण वकील गाठतोय.” मी चहा गार होतोय असं म्हणालो.

त्याचीही परीक्षा झाली. हायवे रुंद होताना त्याचं दोन एकर रान गेलं आणि भरपाई अशी आली, की अजितच्या डोळ्यांपुढे बंगला, गाडी, सगळं उभं राहिलं. अण्णानं आतल्या बाजूला दोन एकर घेऊन सात पुरे केले आणि उरलेल्या पैशातून शेवंताबाईच्या गल्लीतल्या पत्र्याच्या खोल्यांवर स्लॅब घातले. शेवंताबाई तेव्हा हयात नव्हती, तिची मुलगी त्याच खोलीत विड्या वळत होती. अजितनं बापाशी बोलणं टाकलं आणि मला मध्यस्थीला बोलावलं. मीही पुतण्याच्या बाजूनं तावातावानं बोललो. “पोरांचा तरी विचार कर, अण्णा.” तो म्हणाला, “सात एकर हाय की त्यास्नी. सात एकरात जो उपाशी मरंल, तो सत्तरातबी मरंल.” अजित पंधरा दिवसांनी बोलायला लागला. मला वाटतं, त्याला राग होता तो बापाचा नव्हता, आपल्याला तसं करता येणार नाही याचा होता. निदान माझा तरी तोच होता.

जाण्याआधी दहा-बारा दिवस तो आला होता. चार वाजत आले होते, सूर्यास्ताआधी घरी पोचून जेवायची त्याला घाई. सुशीलानं दुसऱ्यांदा चहा आणला. त्यानं कपावर आडवा हात धरला. “साकु गं.” निघताना दारातून आत, हॉलकडे जरा जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं... की मी आता तसं लावून घेतोय, कोण जाणे. “थकलास, अण्णा. आज तरी आत जरा आडवा हो,” मी म्हटलं. “हुईन की. तू बोलीव, मग हुईन,” तो म्हणाला. मी तर नऊ वर्षं बोलावतच होतो. त्याला कसलं बोलावणं हवं होतं, ते कळूनही मी न कळल्यासारखं केलं आणि त्याला रिक्षात बसवलं.

अण्णाचे दिवस झाल्यावर अजितनं त्याचं कपाट उघडलं. सहा सदरे होते. घड्या घालून ठेवलेले, कॉलरी झिजलेल्या. सहाच्या सहा मी दिलेले होते. स्वतः घेतलेला एकही त्यानं ठेवला नव्हता; दिवाळीला सोडायची वेळ आली की त्यानं आधी आपले सोडले आणि भावाचे ठेवले. वहिनी म्हणाली, “ह्यातला एक तुमी घिऊन जावा.” मी तिथं लहान पोरासारखा रडलो. माझ्या नऊशे आग्रहांना नाही म्हणणारा माणूस माझे सदरे अंगाला लावून फिरत होता, आणि मी समजत होतो की तो माझ्यापासून लांब बसतो.

बेळगावला आलो आणि गवंडी बोलावला. फरशीवरचा तो पुसट पट्टा दाखवला आणि म्हटलं, यावरच बांध. सुशीलानं आधी विचारलं, “भित बांधून काय हुणार? दहाची अकरा हुत्यात उघड.” बरोबरच होतं तिचं. म्हणून पलीकडचं घर आता आमचं राहणार नाही, ते देऊन टाकायचं ठरवलंय. वकील अजून समजूत घालतो आहे, तुमच्या मुलीच्या नावावर करा, ट्रस्ट काढा आणि अध्यक्ष तुम्हीच राहा. त्याच्या प्रत्येक सूचनेत मला पाडलेली भिंत दिसते. कागद व्हायचे तेव्हा होतील. निपाणीच्या विडीवाल्या बायकांच्या चार मुली इथं कॉलेजात शिकतात, त्या मात्र गेल्या आठवड्यात पलीकडे राहायला आल्या. त्यातली एक शेवंताबाईची नात आहे. त्यांच्या दाराबाहेर त्यांच्या चपला असतात, माझ्या दाराबाहेर माझ्या. यात मोठेपणा काही नाही. दहा घरं अजून माझी आहेतच, आणि ती सोडायचं धैर्य मला या जन्मात होईल असं वाटत नाही. मी अण्णा नव्हे. पण दहाचा शब्द तरी माझ्याच तोंडचा होता.

भिंतीचा गिलावा अजून ओला आहे, खोलीत त्याचा वास भरून राहिलाय. हॉल निम्मा झाला, दोन सोफे बाहेर काढावे लागले. त्या जागी मी व्हरांड्यातली वेताची खुर्ची उशीसकट आत आणून नव्या भिंतीला लावून ठेवली आहे. चार वाजले की सुशीला सवयीनं दोन कप आणते, मग एक परत नेते. मी समोर बसतो. पलीकडून मुलींच्या बोलण्याचा आवाज येतो, आणि इकडे ती खुर्ची रिकामी... आता ये, अण्णा. आत ये. मोजून बघ, दहाच आहेत.