माहेर विचारणारी मैत्रीण

मी कमी बोलायचे म्हणून घरचे मला शहाणी समजत, आणि इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असंही समजत. दोन्ही समज मी कधी दूर केले नाहीत. त्यामुळे सायबर कॅफेत जाताना माझी मावसबहीण मला ओढून न्यायची. गप्पा तिच्या, टायपिंग माझं.

कॅफे म्हणजे प्लायवूडची खुराडी आणि प्रत्येकाला एक पडदा. पडद्याआड काय चाललंय ते दिसायचं नाही, ऐकू मात्र सगळं यायचं, कारण आमच्याकडे लोक पासवर्ड टाइप करताना एकेक अक्षर तोंडाने म्हणत. कुणाचं कुलदैवत, कुणाचा नातू, कुणाची होडी. गप्प बसणाऱ्या माणसाला फार ऐकू येतं. मनात आणलं असतं तर त्या वर्षी अर्ध्या रत्नागिरीचं टपाल मी वाचलं असतं.

बहीण बोलघेवडी. चॅटरूममध्ये तिला एक मैत्रीण मिळाली. निदान नावावरून तरी ती मुलगी होती. "कुठची तू?" तिने विचारलं. रत्नागिरीची, असं बहिणीने सांगितलं, आणि आजोळ पावस, हेही न विचारता सांगून टाकलं.

"अय्या, मीसुद्धा पावसची!" स्क्रीनवर उत्तर आलं. "आमची आंब्याची बाग आहे. तुझ्या आईचं माहेरचं आडनाव काय? आपण नात्यातल्याच निघू."

आता यात संशय घेण्यासारखं काय होतं? आमच्याकडे बसमध्ये शेजारी बसलेली बाईसुद्धा खिडकी लावून घ्यायच्या आधी माहेर विचारते. न सांगणं म्हणजे उद्धटपणा. बहिणीने आडनाव सांगितलं. पुढच्या खेपेला मैत्रिणीने वाढदिवसाचं कार्ड पाठवायचं म्हणून जन्मतारीख आणि ईमेलचा पत्ता घेतला. मला ती जरा जास्तच गोड वाटत होती. पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि मी आपली टाइप करत होते.

थोड्याच दिवसांत बहिणीचा पासवर्ड चालेना.

चूक मला तेव्हा उमगली. पासवर्ड विसरला तर ईमेलवाले जन्मतारीख विचारत आणि मग एक गुप्त प्रश्न. बहिणीने यादीतून निवडलेला गुप्त प्रश्न होता: आईचं माहेरचं आडनाव काय? ज्याने कुणी हा प्रश्न काढला, त्याच्या देशात बायकांची माहेरं गुप्त राहत असतील. आमच्या गल्लीत ते दूधवाल्यालाही माहीत होतं. आणि आमच्या आया सख्ख्या बहिणी, म्हणजे माझ्या ईमेलचं कुलूपही त्याच किल्लीने उघडणारं. मी आधी माझं उत्तर बदललं, मग बहिणीला धीर दिला.

माझ्या मेलमध्ये एक पत्र येऊन पडलं होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता बहिणीचाच. "तुझ्या बहिणीला सांग, रविवारी भाट्याच्या किनाऱ्यावर एकटी ये. नाही आलीस तर हा फोटो काकांना जाईल." खाली तिच्याच मेलमधून काढलेला फोटो जोडलेला. कॉलेजच्या सहलीत बहीण बिनबाह्यांचा टॉप घालून, डोळ्यांवर गॉगल चढवून, वर्गातल्या एका मुलाच्या मोटरसायकलवर बसली होती.

"गाडी बंद होती गो," बहीण म्हणाली. "स्टँडवर होती. आणि तो मुलगा तर फोटो काढत होता."

ते मला पटलं. काकांना पटेल की नाही हा प्रश्न होता. काका म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. मस्कतला असत, आणि त्यांच्या घरात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. बहिणीला पुण्याला शिकायला पाठवायचं की नाही, हे त्याच महिन्यात ते ठरवणार होते. खानदानात ईमेल असलेलं मोठं माणूस तेवढं एकच, आणि त्यांचा पत्ता चोराला तिच्याच मेलबॉक्समध्ये आयता मिळाला होता.

मी 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक केलं. चोराने पासवर्ड बदलला होता, पण प्रश्न बदलायचा कंटाळा केला होता. मी मावशीचं माहेर टाइप केलं आणि आत शिरले. नवा पासवर्ड घातला, तो तोंडाने न म्हणता. गुप्त प्रश्न तोच ठेवला, उत्तर मात्र धादांत खोटं दिलं. काय ते इथेही लिहिणार नाही.

मेल परत मिळालं, पण फोटो चोराकडे होताच. त्या दुपारी बहिणीने बांगड्याचं कालवण दुसऱ्यांदा मागितलं नाही. मावशीने पळी खाली ठेवली.

"काय झालंय?"

"कुठे काय?"

"मग वाटी चाटून का नाही ठेवलीस? बाय, तू सांग. तू खोटं बोलत नाहीस."

मी बोलतच नव्हते, म्हणून तसं वाटायचं. पण त्या दिवशी सगळं सांगितलं. बहीण ताटाकडे बघत बसली. नेट बंद, पुणं बंद, असा हिशेब तिच्या तोंडावर दिसत होता. मावशीला राग आला तो भलत्याच गोष्टीचा.

"माझं माहेर विचारलंन? आणि पावसचा म्हणवतो? येत्ये मी उद्या."

"मावशी, त्याने पाठवायच्या आधी फोटो आपणच पाठवला तर?" मी म्हटलं.

मावशीने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "गप्प बसून बसून तू भलतीच पोचलेली निघालीस गो."

दुसऱ्या दिवशी मावशी इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन खुराड्यात बसली. आधी काकांना मेल गेलं. बहिणीने सांगितलं, मी लिहिलं: "काका, हा माझा सहलीतला फोटो. कुणीतरी माझं ईमेल फोडून हा तुम्हाला पाठवायची धमकी देत आहे. त्याचे कष्ट वाचवते." पाठवायचं बटण तिने डोळे मिटून दाबलं.

मग आम्ही चॅटरूम उघडली. मैत्रीण हजर होती.

"विचार, पावसला घर कुठे?" मावशी ट्रंककॉलवर बोलावं तशी ओरडली. शेजारचा पडदा हलला.

"समुद्राजवळ," उत्तर आलं.

"समुद्र केवढा पडलाय! बरं, ते राहू दे. आंबा कसा पाठवता विचार."

"ट्रकने, मुंबईला."

"ते कुणीही सांगेल. भरता कशात?"

या वेळी उत्तराला वेळ लागला. मग अक्षरं उमटली: "पोत्यात."

मावशी खुर्चीतून उठलीच. "पोत्यात! हापूस पोत्यात! मेल्या, बटाटे विकतोस काय?" सगळ्या पडद्यांमागून हसू फुटलं. पेंढा घातलेल्या लाकडी पेट्या ज्याने पाहिल्या नाहीत असं माणूस तिथे एकही नव्हतं. कॅफेवाला धावत आला. "काकू, जरा हळू." "हळू काय? आमच्या पेट्या पोत्यात भरतोय!"

"मावशी, हे टाइप करू?" मी विचारलं.

"कर. आणि लिही, मी हिची आई. फोटो आम्हीच पाठवलाय, तू टपालहशील वाचव. रविवारी भाट्याला मी येत्ये, हिचे बाबा येतायत, आणि तुझं पत्र छापून आज पोलिसांकडे देत्येय."

मी शेवटचा शब्द टाइप केला तेव्हा ती मैत्रीण नाहीशी झाली होती. ती पुन्हा कधी दिसली नाही. पत्र मावशीने खरंच पोलिसांकडे नेऊन दिलं. पण तो माणूस कोण, कुठला, हे कळलं नाही. दिल्लीत असेल, नाहीतर पलीकडच्याच खुराड्यात. त्यानंतर मी खुर्ची अशी ओढून बसायचे की पाठ भिंतीला लागेल.

बहिणीला याचं काही नव्हतं. तिचा जीव मस्कतमध्ये अडकला होता. मेलला उत्तर आलं नाही. काकांना शुक्रवारी सुट्टी असे, त्या दिवशी त्यांचा फोन यायचा. त्या शुक्रवारी मीही मावशीकडेच जाऊन बसले. फोन वाजला. तिचे बाबा आधी बोलले, "हो, हो," म्हणाले आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला. काकांचा आवाज असा की रिसीव्हरबाहेर सगळं ऐकू येई.

"फोटो बघितला. गाडी कुणाची?"

"वर्गातल्या मुलाची, काका. मी नुसती बसले होते. बंद होती."

"बंद होती ते दिसतंय. चालवता येते का?"

"नाही."

पलीकडे खोकल्याचा आवाज आला.

"मग पुण्यात गेलीस की आधी शिकून घे. तिथे बसची वाट बघत बसलीस तर अभ्यास कधी करणार?"

मावशीने तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"शिकेल हो भाऊजी," ती म्हणाली. "पण बाह्या लावून शिकेल."