अप्पांची अट आणि बिळीचा दात

बिळी मला उगाच चावली, असं मी अप्पांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. आता डोक्यावर पांढरे केस जास्त आहेत, मुलगी कॉलेजात जाते, तरीही अप्पांविषयी लिहायला बसलो की हेच वाक्य आधी पुढे येतं. म्हणून ते आधी लिहून टाकलं.

अप्पा म्हणजे लातुरातले माझे घरमालक. किराणा दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज इतका हळू की गिऱ्हाइकाला भाव दोनदा विचारावा लागे. घरात निम्मं कानडी चालायचं, म्हणून त्यांच्या पांढऱ्या सशिणीचं नाव बिळी, म्हणजे पांढरी. त्यांची एक रीत गल्लीत प्रसिद्ध होती. बिळी कुणाला चावली की माणूस बोट धरून त्यांच्याकडे यायचा. अप्पा बोटाकडे बघायचेच नाहीत. विचारायचे, "त्याच्या आधी तुमचा हात काय करत व्हता?"

हळद नंतर. आधी उत्तर.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. उस्मानाबादेहून फायली ट्रकनं येत होत्या आणि फायलींमागून आम्ही कारकून. कचेऱ्यांनाच जागा नव्हती, तिथं आम्हाला खोल्या कुठून मिळणार? मी तीन आठवडे एका लॉजच्या व्हरांड्यात काढले. मग कुणीतरी अप्पांचं नाव सांगितलं. दुकानामागे अंगण, अंगणापलीकडे एक खोली. त्यांनी ना जात विचारली, ना पगार. अट एकच घातली, "बिळीला कानाला धरून उचलायचं न्हाई. ज्यानं उचललं त्यानं आपलं सामान बी उचलायचं."

ही सशीण त्यांनी हौसेनं आणलेली नव्हती. बदली होऊन चाललेल्या एका अधिकाऱ्याचं कुटुंब 'दोन दिवस सांभाळा' म्हणून पिंजरा ठेवून गेलं, ते परत आलंच नाही. पहिल्या महिन्यात ती अप्पांना इतक्यांदा चावली की बोटांवरच्या चिंध्यांमुळे त्यांना पुड्या बांधता येईनात. दुसऱ्या कुणी पिंजरा सरळ बाजारात नेला असता. अप्पा मात्र दुपारी गिऱ्हाईक नसलं की अंगणात पोतं टाकून बसायला लागले. नुसतेच. बसून बसून त्यांना एकेक कळत गेलं. वरून येणारा हात तिला घार वाटतो. म्हणून हात खालून, नाकासमोरून, आधी वास देऊन न्यायचा. पेरू कापला की हात धुवायचा, नाहीतर तिला पेरू आणि बोट यातला फरक कळत नाही. हलका चिमटा काढला तर तो चावा नव्हेच, ती 'सरका' म्हणते. पिंजरा झाडायचा तो ती स्वतः बाहेर आल्यावरच. "तुमच्या घरात कुनी न ईचारता हात घातला," ते म्हणायचे, "तर तुमी काय आरती ववाळाल?"

एकदा तिनं स्वतःच्याच छातीवरचे केस उपटून कोपऱ्यात गादी केली आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जायला लागली. अप्पांनी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणलं. पोटात काही नाही, तिला नुसतं तसं वाटतंय, दोन-तीन आठवड्यांत निवळेल, असं ते सांगून गेले. अप्पांनी अंगणाच्या दाराला गोणपाट लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दबक्या आवाजात सांगू लागले, "मनातलं बाळंतपन हाय. जरा सांभाळून घ्या."

मारणं त्यांना मान्य नव्हतं. मारलं की तिला हाताचीच भीती बसणार, आणि चारा तर हातानंच घालायचा. ती जोरात चावली की ते तोंडानं बारीक 'ईं' असा आवाज काढत आणि हात न झटकता दगडासारखे थांबत. सशाचं पिल्लू दुखलं की असंच ओरडतं, हा त्यांचा शोध. भस्म लावलेला पंचावन्न वर्षांचा माणूस साखर तोलता तोलता पायाशी बघून 'ईं' करतो, हे बघायला लोक दुकानात रेंगाळत.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. टँकर आला की गल्लीत हंड्यांची रांग लागे. एका गिऱ्हाइकानं टोमणा मारला की अप्पा, सशासाठी वेगळा टँकर मागवा की. अप्पा त्या दिवसापासून दाढी आठवड्यातून एकदाच करायला लागले, आणि भाजीबाजारात पडलेली कोथिंबिरीची देठं धोतराच्या सोग्यात बांधून आणायला.

माझी चूक त्यापुढच्या उन्हाळ्यातली. रविवार होता, अप्पा देवळात गेले होते, आणि कचेरीतले दोन मित्र माझ्याकडे आले होते. जत्रेतला जादूगार टोपीतून ससा काढतो तसं मी बिळीला दोन्ही कान धरून उचलून दाखवलं. ती हवेत पाय झाडत होती. मित्र हसले. पुढच्या क्षणी तिचे दात माझ्या अंगठ्यात होते. मित्र गेले, अप्पा आले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मला लॉजचा व्हरांडा दिसला. मी म्हणालो, "काहीच नाही, अप्पा. मी नुसता बसलो होतो. उगाच चावली."

अप्पांचा विश्वास बसला, हीच पंचाईत झाली. 'उगाच' हा शब्द त्यांच्या जगात नव्हता. त्यांनी माझं खोबरेल हुंगलं, साबण हुंगला. डॉक्टरांकडून तिचे दात, कान, पंजे तपासून घेतले. गवतात विंचू असेल म्हणून पिंजरा उलटा केला. मग मला तोच शर्ट घालून, त्याच वेळी, त्याच जागी बसायला लावलं, ओळीनं आठ दिवस. बिळी तुरीच्या पोत्यांमागून माझ्याकडे बघत मागचा पाय जमिनीवर आपटायची. अप्पा मलाच धीर द्यायचे, "घाबरू नका, साहेब. कारन सापडतंय बगा." कारण त्यांच्यासमोर मांडी घालून बसलं होतं.

तेवढ्यात उदगीरहून लेकीचा निरोप आला. बाळंतपणाला येते, सोबत दोन वर्षांची थोरली. अप्पा माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसले. "कारन कळलं असतं तर मी मधी आडवा झालो असतो," ते म्हणाले. "कारनच न्हाई, तर कुटं आडवा होऊ?" दुसऱ्या दिवशी ते बिळीला जळकोटला बहिणीकडे ठेवून आले. त्यानंतर दुपारचं पोतं अंगणात पडलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, मला तिचं कळतंय असं वाटलं व्हतं, न्हाई कळलं.

मी गप्प राहिलो. लेक आली, बाळंत झाली, सासरी गेली, तरी गप्प. पुढे बिलोलीला बदलीचा हुकूम हातात पडला. खोली तशीही सुटणार हे नक्की झालं, तेव्हाच मला खरं बोलायचं धैर्य आलं. हेही लिहितो, नाहीतर पुन्हा अर्धंच खरं होईल.

दुकानात उभा राहून मी सगळं सांगितलं. अप्पांनी हातातली डाळ पूर्ण तोलली, पुडी बांधून गिऱ्हाइकाला दिली. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हनजे कारन व्हतं," ते म्हणाले. राग नंतर आला. बिळीला परत आणायची म्हणून त्यांनी भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं, मला सोबत घेतलं आणि जळकोटच्या एसटीत मला मागं सोडून पुढच्या बाकावर जाऊन बसले.

त्यांच्या बहिणीनं, गंगाक्कांनी, पिंजऱ्याचं दार तारेनं बांधून टाकलं होतं. उगाच चावणारं जनावर म्हणून आल्यापासून तिला एकदाही बाहेर सोडलं नव्हतं. चारा काठीनं सरकवायच्या. "घे बाबा तुझी वाघीन," त्या म्हणाल्या. अप्पांनी तार सोडली, जमिनीवर बसले आणि हात खाली टेकवून वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं बिळी बाहेर आली. पाय अवघडले होते, चालताना फेंगडत होती. तिनं अप्पांच्या धोतरात नाक खुपसलं. अप्पांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, मला सांगून काय उपेग? कोंडून ठिवलंय आक्कानं. तिला सांगा."

मी खाली बसलो आणि हात जोडले.

"गंगाक्का, ही उगाच चावली नाही. मी हिला कानाला धरून उचललं होतं. खोली जाईल म्हणून अप्पांशी खोटं बोललो, आणि त्याची शिक्षा हिनं भोगली. चूक माझी होती. मला माफ करा, तुम्ही तिघांनीही."