पंख्याचा मान

माझ्या जावेला सगळं आधी मिळायचं. लग्न होऊन मी वेसाव्याहून मढला आले तेव्हा घरात ती चार वर्षं जुनी झाली होती आणि त्या चार वर्षांत तिने वाटून घेण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मालाडच्या बाजारात आम्ही शेजारी शेजारी पाट्या मांडायचो. माझ्यासमोर गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "तुझी जाऊ नाय आली आज?" म्हणजे माझी पापलेटं पापलेटं नव्हतीच. ती वाईट होती म्हणावं तर तेही नाही. भांडली असती तर मी तिला पुरून उरले असते, पण ती भांडायचीच नाही. जळण्याखेरीज मला दुसरं काय करता आलं असतं?

मी सांगते आहे ते ऐंशीच्या दशकातलं, घरात इंजिनाची बोट येऊन सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाचं. बोट दोघा भावांची. थोरले दीर तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हुकमावर चालायची. माझा नवरा इंजिन बघायचा. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली की तो तिच्या बुडाखाली बसून पंखा घासायचा. पाण्याखाली फिरून बोट पुढे ढकलतो तो पंखा. चिकटलेले शिंपले खरवडून काढायचे, पाती पॉलिश करायची. त्या वर्षी शिंपले निघाले आणि खालची पाती दिसली. उंदराने भाकरीच्या कडा कुरतडाव्यात तशी खाल्लेली. एक पातं कुठल्याशा खुंटावर आपटून वाकलं होतं. मागच्या वर्षी बोट थरथरायची ती त्यामुळेच, हे माझ्या नवऱ्याने ओळखलं. नवीन पंखा हवा, म्हणून तो दोन महिने भावाच्या मागे लागला, रुसला, एक दिवस जेवला नाही. शेवटी दीर हो म्हणाले.

नवा पितळी पंखा माझ्या नवऱ्याने मालाडपासून बसमधून मांडीवर आणला. घरी आला तेव्हा पाय सुन्न झाले होते. तीन पाती, अशी चकचकीत की मी त्यात तोंड पाहिलं. तो पंखा मला माझा वाटला. घरात पहिल्यांदा काहीतरी आमच्या बाजूने आलं होतं.

आमच्याकडे नवीन पंखा बसवायच्या आधी घरातली बाई त्याची पूजा करते. हळदीकुंकू, अक्षता, ओल्या कुंकवाची बोटं उठवायची. मी मनातल्या मनात ताट मांडून तयार होते. सासूबाईंनी भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "पूजा थोरली करंल. मान तिचा हाय."

त्या दिवशी घरातलं एकही भांडं मी हळू ठेवलं नाही.

पंखा बसवायला गोरेगावच्या वर्कशॉपमधले मिस्त्री येत. मालवणकडचे, कमी बोलणारे. बोट पाण्यात लोटायच्या आदल्या दिवशी येऊन त्यांनी सगळी तयारी केली. इंजिनातून येणाऱ्या लोखंडी दांड्याला, शाफ्टला, शेवटी निमुळतं टोक असतं. पंखा त्यावर चढतो. मिस्त्रींनी त्या टोकाला निळा रंग फासला, पंखा चढवला, काढला, आणि रंग कुठे लागला, कुठे नाही ते बघून आतून घासत बसले. असं सात-आठ वेळा. मी चहा घेऊन गेले होते. मी विचारलं, एवढं कशाला?

"केसाएवढी फट ऱ्हवली तरी पंखो हलतलो," ते म्हणाले. "हललो की चावी खाता. मगे इंजिन फिरता आणि बोट थंयच."

चावी म्हणजे पंखा आणि शाफ्ट यांच्यामध्ये बसणारी लोखंडाची पट्टी. शाफ्टबरोबर पंख्याला तीच फिरवते. हे सगळं मला समजलं होतं. कळलं नाही म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. संध्याकाळी त्यांनी पंखा दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी काढून ठेवला, टोकाला ग्रीस लावलं, फडकं गुंडाळलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे न्याहारीला बसले तेव्हा मी हळदीकुंकवाची वाटी पदराखाली घेऊन बोटीकडे गेले. फडकं सोडलं. पंख्याची पूजा ती करू दे, पण पंखा ज्याच्यावर बसणार त्याची मी आधी करीन, असं माझ्या डोक्यात होतं. तिच्या आधी. कोणाला दिसू नये म्हणून शाफ्टच्या खालच्या अंगाला ग्रीसमध्ये हळदकुंकू दाबलं आणि पाच अक्षता चिकटवल्या. कुंकवाला अशी काय जाडी असते? फडकं होतं तसं बांधलं. घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मालाडहून येणारी बस वाटेत बंद पडली म्हणून मिस्त्री उशिरा आले. भरती चढत होती. जाऊ नवं लुगडं नेसून आली, पंख्याला बोटं उठवली, सगळ्यांनी पाहिलं. मिस्त्रींनी घाईघाईने फडकं ओढलं, चावी घातली, पंखा चढवला, नट आवळला. मग थांबले. नट काल जिथे बसला होता तिथपासून दोन आटे, म्हणजे दोन फेरे, बाहेरच राहत होता. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं होतं, दीर ओरडत होते. मिस्त्रींनी पान्यावर सगळं अंग टाकलं, एक आटा आत गेला, आणि ते बाजूला झाले.

बोट संध्याकाळी परत यायची होती. आली नाही.

किनाऱ्यावर आम्ही दोघी उभ्या होतो. दोघींचेही नवरे त्याच बोटीवर. तरी बायका तिच्याभोवती जमल्या, तिचा हात धरला. लाज वाटते सांगायला, पण त्या वेळीही मला ते खुपलं. नंतर घरी गेल्यावर मिस्त्रींचं बोलणं आठवलं, आणि मग खुपायचं थांबलं. बोट थंयच. इंजिन फिरतंय आणि बोट तिथेच. देवासमोर बसायचं मला धाडस झालं नाही, कारण त्याच्याच नावाने तर मी ते केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्याच एका बोटीने आमची बोट दोराने ओढून आणली. दोघे भाऊ धड होते. नवऱ्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, तेवढंच. मी वाळूत बसून घेतलं.

ओहोटीला मिस्त्री आले, पंखा उतरवला. चावी चेचून चपटी झाली होती. शाफ्टच्या खालून अंगठा फिरवून त्यांनी तो सगळ्यांसमोर धरला. पिवळ्या-लाल ग्रीसचा लगदा, आणि त्यात तांदळाचा अर्धा दाणा.

"ह्यां कोणी केल्यान?"

सगळ्यांनी जावेकडे पाहिलं. पूजा तिने केली होती, दुसरं कोण असणार. सासूबाई तिच्यावर धावूनच गेल्या, "आत पन लावलंस? दोगांना मारतीस ना गो!"

जावेने त्या लगद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझं तोंड कसं झालं होतं मला माहीत नाही. तिने तेवढ्यात सगळं वाचलं असणार.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

मला बोलायचं होतं. दोनदा तोंड उघडलं. थोरले दीर तिला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले, माझा नवरासुद्धा बोलला, तिला कधी उलट शब्द न बोलणारा. ती खाली मान घालून उभी राहिली. मी गप्प राहिले.

तीन दिवसांनी नवी चावी आली. मिस्त्रींनी पुन्हा रंग लावून, घासून, पुसून पंखा बसवायला घेतला. त्याआधी पूजा. सासूबाई म्हणाल्या, "हिला नाय. धाकली करंल." इतकी वर्षं ज्यासाठी जळले तो मान असा माझ्या पदरात पडला.

ताट जावेनेच आणून दिलं. माझ्या हातात देताना जवळ वाकली आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "पंख्यावरच लाव हां. आत नको."

मी पाच बोटं उठवली. कुंकू पात्यावरून ओघळलं. मागे सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या, धाकली बघा कसं नीट करते.

"हो ना," जाऊ म्हणाली.